ताण

डॉक्टरांनी माझ्या दंडाभोवतीची पट्टी सोडली, फुग्यातली हवा जाऊ दिली आणि माझ्याकडे न पाहताच म्हटले, "ताण घेऊ नका." मला हसू आले. हसण्यासारखे काय झाले ते त्यांना कळले नाही आणि मीही सांगत बसलो नाही. तेहेतीस वर्षे मी ताण मोजण्याचाच पगार घेतला होता. पिंपरीच्या एका कारखान्यात पोलाद तपासण्याच्या खात्यात मी होतो. बोटाएवढी सळई यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची, हे आमचे काम. काटा हळूहळू चढत जातो, मग एका जागी सळई बारीक होते आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन तुटते. बारीक होते त्या जागेला आम्ही 'नेक', म्हणजे मान म्हणत असू. नवा पोरगा खात्यात आला की त्याला पहिल्या दिवशी यंत्राशेजारी उभे करायचे, काही न सांगता सळई तोडायची आणि तो दचकला की सगळ्यांचा चहा त्याच्याकडून घ्यायचा, अशी आमची रीत होती. मी स्वतः असा दचकलो होतो.

पण तो शब्द मी कारखान्यात शिकलो नव्हतो. चाकणच्या पलीकडे, भामेच्या खोऱ्यात आमचे गाव. तिथे 'ताण' हा शब्द पाण्याचा होता. पाणी नसण्याचा म्हणणे अधिक बरोबर. पाऊस आठ-दहा दिवस दडला की वडील बांधावर उभे राहून म्हणत, "बाजरीला ताण बसला." बागवाले मुद्दाम पाणी बंद करीत, तेव्हा ते बागेला ताण 'देत'. झाडाची वाढ थांबे, पाने पिवळी पडून गळत, वाढीवर खर्च व्हायचे ते अन्न फांद्यांत साठून राही. मग एक दिवस ताण 'तोडून' पाणी सोडले की फांदी फुलांनी भरून जाई. बसणे, देणे, तोडणे, अशी तीन क्रियापदे त्या एका शब्दाला होती. 'घेणे' मात्र त्यांत नव्हते. ताण कोणी घेत नसे. ते शहराचे मराठी आहे.

या खेपेला माझा रक्तदाब चढला त्याचे कारण माझ्या टेबलाच्या खणात पडून होते. तो एक कागद होता आणि त्यावर माझी सही व्हायची होती.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती १९५४ साली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले १९६२ साली. खेड्यांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांचा हा पसारा भोसरी ओलांडून, इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर आला तो १९९० नंतर. आमची बाकीची जमीन त्याच ओघात गेली. त्या पैशांत माझा चिंचवडचा फ्लॅट झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. उरले दीड एकर. तिन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला ओढा. दादा पाच वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ते दीड एकर वहिनी करतात. सातबारावर त्यांचे नाव आहे आणि माझे आहे. जागा घ्यायला जो गृहस्थ येतो तो आतापर्यंत चार वेळा आला. मोठा सभ्य माणूस. दर खेपेला पेढे आणतो.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो तो खरे तर या कागदाचे बोलायला. पण वहिनींनी मला आधी शेतात नेले. "भाऊजी, तुम्ही मशिनीतले. हे काय झालंय ते सांगा," म्हणाल्या.

वीस गुंठ्यांत सोयाबीन होते. ते पिकून पिवळे पडले होते, पाने गळून नुसत्या शेंगा उभ्या होत्या. पण उत्तरेकडच्या भिंतीलगत दहा-बारा फुटांची पट्टी हिरवीगार होती.

"पाणी तेच, खत तेच, बी एकाच पिशवीतलं," वहिनी म्हणाल्या. "सगळं सोयाबीन म्हातारं झालं अन् ही पट्टी बघा कशी करवलीवानी मिरवतीय. शेंगा बघावं तर चार."

मी भिंतीकडे पाहिले. भिंतीवर गेल्या वर्षी नवे दिवे बसवले आहेत, खांबागणिक एक. संध्याकाळी लागतात ते सकाळी विझतात.

"दिव्याची नजर लागली म्हणायची," वहिनी म्हणाल्या. त्या थट्टेने म्हणाल्या, पण शास्त्राने तरी याहून वेगळे काय सांगितले आहे? अमेरिकेच्या शेतीखात्यात गार्नर आणि ॲलर्ड नावाचे दोघे होते. त्यांच्याकडे एक तंबाखू होती. ती उन्हाळाभर नुसती उंच वाढे, फुलावर येत नसे. आणि एक सोयाबीन होते. ते पंधरा पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले तरी लहानमोठी सगळी झाडे एकाच सुमाराला फुलत. त्यांनी झाडे दुपारी अंधाऱ्या खोपटात ढकलायला सुरुवात केली. दिवस आखूड झाला असे वाटून झाडे फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९३८ साली आणखी गंमत कळली: झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. आणि रात्र सलग लागते. मध्येच थोडा उजेड दाखवला तर तेवढ्याने हिशेब मोडतो. कारखान्याच्या तीन पाळ्या चालतात, म्हणून भिंतीलगतच्या सोयाबीनलाही तिसरी पाळी लागली होती. मी स्वतः सोळा वर्षे तिसरी पाळी केली आहे. त्या पट्टीचे दुःख मला फार शिकवावे लागले नाही.

मला विचारात पाडले ते निराळ्याच गोष्टीने. पाणी तुटले तर काय करावे हे पिकांना ठाऊक असते. ऊन वाढले, थंडी पडली, तरी त्यांच्यापाशी काही ना काही जुना इलाज असतो, कारण हे सगळे त्यांच्या वाडवडलांवर हजार वेळा गुदरलेले आहे. पण रात्र चुकली असे आजवर कधी घडलेच नव्हते. भिंतीलगतच्या त्या सोयाबीनपाशी हिरवे राहून वाट पाहण्याखेरीज दुसरा इलाज नव्हता.

ज्वारीही रात्र मोजणारीच. म्हणून वहिनी ती ओढ्याकडच्या अंगाला पेरतात, दिव्यांपासून लांब. हे त्यांनी कुठे वाचलेले नाही. दोन वर्षे भिंतीजवळच्या ओळी मागे राहिल्या, तिसऱ्या वर्षी त्यांनी जागा बदलली. या वेळी उत्तरा नक्षत्रात पेरलेली ज्वारी वीतभर वर आली होती. आता तिच्यावर पाऊस पडणार नाही, पाटाचे पाणी मिळणार नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर माघ-फाल्गुनापर्यंत तिने दिवस काढायचे. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणत ते याच ज्वारीसाठी. वरची माती हलवून भुसभुशीत ठेवली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही.

ती दिवस कसे काढते हे मला लहानपणी फक्त दिसत असे; कळले ते पुष्कळ उशिरा. दुपारी ज्वारीच्या पानाची सुरळी होते. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या, पाण्याने फुगणाऱ्या पेशींच्या रांगा असतात. त्यांतले पाणी ओसरले की पान मिटते आणि उन्हाला निम्मेच अंग दाखवते. ताटावर बोट फिरवले तर पांढरी भुकटी लागते. ते मेण आहे, पाणी आत कोंडून ठेवणारे. मुळे कमरेच्या खोलीखाली जातात. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे पानाला ताणाची बातमी ताण बसण्याआधी मिळते. शास्त्रज्ञांनी एकाच रोपाची मुळे दोन कुंड्यांत वाटून लावली. एका कुंडीला भरपूर पाणी दिले, दुसरी सुकू दिली. पानांना पाणी पुरत होते. तरी पानांनी आपली बारीक तोंडे मिटायला सुरुवात केली. सुकणाऱ्या मुळांनी एक द्रव्य वर पाठवून बातमी पोचवली होती.

हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. एक कुंडी गावी आणि एक चिंचवडला, असे आम्ही चाळीस वर्षे राहिलो. वरच्या पानाला कधी काही कळले असे मला आठवत नाही.

१९७२ साली मी चौदा वर्षांचा होतो. तो दुष्काळ पाहिलेल्या माणसाला झाडांच्या सोसण्याचे कौतुक जरा बेताने करावेसे वाटते. त्या वर्षी दादा आणि आई खडी फोडायला जात. सुकडी मिळे. परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळे. तिची भाकर थापताना आई पुटपुटत असे ते मी इथे लिहीत नाही. आदल्या साली ज्वारी अशीच सुरळ्या करून उभी राहिली होती तेव्हा वडील म्हणाले होते, "मेली नाही, निजलीय." आणि उशिरा एक पाऊस येताच ती खरोखरच उठली होती. ज्वारीला ते जमते. वाढ थांबवून ती पडून राहू शकते आणि पाणी मिळाले की पुन्हा चालू लागते. १९७२ साली वडील तेच म्हणाले. रोज संध्याकाळी बांधावर जाऊन तेच म्हणत. ती उठली नाही. अशा सुकल्या कोवळ्या ज्वारीत विष असते, हायड्रोसायनिक आम्लाचे. आमची एक गाय दावे तोडून त्या शेतात शिरली आणि ओढ्यापर्यंत परत आली नाही. त्यानंतर वडील बांधावर जायचे थांबले.

जगण्याची एक रीत तर मला अजूनही बघवत नाही. निसवून झाल्यावर पाणी तुटले की ज्वारी ताटातली साखर कणसात ओढून घेते. दाणा भरतो, ताट आतून पोकळ होत जाते, त्यात बुरशी शिरते आणि एके दिवशी वाऱ्याने उभे पीक आडवे होते. शेतकरी त्याला खडखड्या म्हणतात. काही वाण शेवटपर्यंत पाने हिरवी ठेवतात, त्यांना हा रोग कमी होतो. पैदासकार तो गुण हुडकून नव्या वाणांत आणत असतात. दादा शेवटच्या वर्षी असाच झाला होता. दोन मुलींची लग्ने, मुलाचे शिक्षण, सगळे वेळेवर भरले. आम्ही म्हणत होतो, तब्येत जरा उतरली आहे.

कांद्याचे तसे नाही. कांदा धोरणी. त्याची मुळे वीत-दीड वीत गेली तर गेली. खोल जाऊन पाणी शोधणे त्याला माहीत नाही. त्याचे मूळ घराणे मध्य आशियाच्या डोंगरांतले, जिथे वसंतात चार दिवस ओल असते आणि मग सगळे वाळून जाते. तेव्हा मिळेल ते चार दिवसांत गोळा करायचे, जमिनीशी गड्डा करून त्यात दडवायचे आणि वरची पात सोडून द्यायची, ही त्याची पिढीजात रीत. आपण ज्याला कांदा म्हणून चिरतो ती त्याची दुष्काळाची तरतूद. उन्हाळ कांद्याच्या माना पडू लागल्या की पाणी तोडतात. मान वाळून गच्च मिटते, वरचे पापुद्रे कडक होतात आणि कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. वहिनी एकदा म्हणाल्या, "माना पडल्यात, आता पाणी तोडायचं," तेव्हा मला आमची सळई आठवली. आमच्याकडे मान झाली की काम संपे. इथे मान पडली की पीक हाती आले.

फाजील पाण्याचा ताण मात्र कांद्याला सोसत नाही. पंचवीस-तीस मैलांवर मावळात इंद्रायणी भात गुडघाभर पाण्यात खुशाल उभा असतो; भाताच्या अंगात हवेच्या नळ्या असतात, पानातली हवा मुळापर्यंत जाते. तो वाण १९८७ साली वडगाव मावळच्या केंद्राने दिला. कांद्याच्या मुळाशी चार दिवस पाणी साचले की मुळे गुदमरतात. राजगुरुनगरला कांदा-लसणाचे संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, १९९८ पासून. नाशिकला १९९४ साली निघाली आणि मग इकडे आली. तिच्या वाणांना भीमेचे नाव असते: भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती. पावसाळी कांदा रुंद गादीवाफ्यावर, पाण्यापासून उंच लावा, असे ते लोक सांगतात. दादा सांगितलेले ऐकणाऱ्यांपैकी होता. वाफे करी, वाण बदली. पण चाकणच्या बाजारात ऐन वेळी भाव पडत, त्याला कुठला वाफा पुरणार? शरद जोशींनी १९७७ साली शेजारी आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पुढच्याच वर्षी चाकणला कांद्याच्या भावाचे आंदोलन उभे राहिले. त्या दिवसांत दादा पुणे-नाशिक रस्त्यावर बसत असे. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. त्या रस्त्याने मला कामावर जावे लागत नव्हते, हे मला बरे वाटले होते.

बारामतीजवळ माळेगावला २००९ साली एक राष्ट्रीय संस्थाच निघाली आहे, तिचे नावच ताणावरून आहे: अजैविक ताण व्यवस्थापन. पाणी, उष्णता, खार, उथळ खडकाळ जमीन, अशा निर्जीव गोष्टींनी पिकाला जो ताण बसतो त्याचा अभ्यास. मला ते नाव ऐकून मौज वाटली. 'व्यवस्थापन' हा शब्द आमच्या कारखान्यात आला त्याच सुमाराला आम्हाला पहिल्यांदा ताण 'घेऊ' नका असे सांगू लागले. असो. काम मोठे आहे.

मला सांगायचे आहे ते वहिनींच्या चिंध्यांविषयी. ज्वारी हुरड्यात आली की त्या शेतभर फिरतात आणि काही ताटांना लुगड्याच्या चिंध्या बांधतात. कणीस भरलेले हवे, ताट शेवटपर्यंत ताठ हवे, पान हिरवे हवे, आणि कोरड्या वर्षीची निवड अधिक मोलाची. काढणीला चिंधीची कणसे वेगळी निघतात. ते पुढच्या वर्षीचे बी. आजीपासून हे चालू आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला १९३० च्या दशकात अशाच गावरान ज्वारीतून निवडून 'मालदांडी ३५-१' निघाली आणि ती अजून पेरली जाते; पण त्याआधी कितीतरी बायकांनी चिंध्या बांधून ठेवल्या असतील. एकटे झाड ताणाशी जुळवून घेते ते त्याच्यापुरते असते, त्याच्याबरोबर वाळून जाते. वाण जुळवून घेतो तो असा, वर्षानुवर्षे, कोणीतरी निवडल्याने. आमच्या पोलादालाही एकदा ओढ बसली की ते कठीण होते. परंतु सळईला लेकरे होत नाहीत.

म्हणून मी ठरवले होते की सही करायची नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला, बरोबर १९७२ सालीच, कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिथल्या शीतगृहात ज्वारीचे हजारो वाण ठेवले आहेत. तिथे बी टिकते, पण निजलेले टिकते. नवे दिवे, नवी ऊन-थंडी त्याला कळत नाही. ते शेतातच कळायचे. हे सगळे मी वहिनींना ओट्यावर बसून सांगितले. ज्वारी किती सोसते, तिच्याकडून किती शिकण्यासारखे आहे, हेही सांगितले. मी पुष्कळ बोललो असणार, कारण चहा निवला.

वहिनी शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ज्वारीला पळता येत न्हाई म्हणून ती सोसती. तिला पाय असते तर तीबी कवाच चिंचवडला फ्लॅट घेऊन राहिली असती."

मी काही बोललो नाही.

"माझे गुडघे गेले," त्या म्हणाल्या. "पोरगा येत न्हाई, अन् त्यानं येऊ बी नये. नातीला पुण्यात शिकायचंय. तुमी सही करत न्हाई ते कुणासाठी?"

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. परीक्षण-खात्यात इतकी वर्षे काढून माझ्या ध्यानात आले नव्हते की ओढणारा जबडा एक नसतो, दोन असतात. एक हलतो, दुसरा नुसता घट्ट धरून उभा असतो. त्या गृहस्थाला मी हलणारा समजत होतो. मी स्वतः काय करीत होतो?

"पेरलंय ते निघू द्या," वहिनी म्हणाल्या. "संक्रांतीला हुरडा खायला समद्यांना घेऊन या. शिमग्याला काढणी झाली की मग तुमी अन् मी जाऊ, काय सह्या करायच्या त्या करू. त्या माणसाला सांगा, पेढे आणू नको, मला साखर हाय."

निघताना त्या आत गेल्या आणि गाठ मारलेले एक फडके घेऊन आल्या. दुबार पेरणी करावी लागली तर असावे म्हणून राखलेले चिंधीचे बी होते, शेर-दीड शेर. दुबार करावी लागली नव्हती.

"घरात उंदीर झालेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं कोरडं असतं. ठेवा."

कुठे पेरायचे ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घरी आल्यावर बी एक दिवस गॅलरीत वाळवले, कडुनिंबाचा पाला घालून स्टीलच्या डब्यात भरले आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवले. आमच्या मंडळींनी त्यावर कागद चिकटवून ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे: दळू नये.